गोल न्हाई झालं अजून

या जगात सरळ, सपाट किंवा गोल म्हणून जे जे मिरवतं, ते सगळं मुळात वाकडं, उंचसखल आणि लंबुळकं असतं, असा शोध एकट्याच्या बळावर लावलेला माणूस माझ्या पाहण्यात एकच आला. ते म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पुढे सगळ्या गावानेच त्यांना मामा करून टाकलं. निजामाची राजवट संपून आमचा मुलूख नुकताच हिंदुस्थानात सामील झाला होता आणि मी पूर्णेच्या शाळेत नवा मास्तर म्हणून लागलो होतो. राहायला आत्याकडे. त्यामुळे मामांच्या शोधाचा जो त्रास इतरांना लग्नकार्यात होई, तो मला रोज घरबसल्या मिळे.

पंगतीत बसले की मामा आधी पाट दोन्ही हातांनी हलवून बघत. डुगडुगला, तर वाढपी भात घेऊन समोर ताटकळत असताना तो उचलत आणि त्याचे पाय फरशीवर घासून सारखे करत. त्यांच्या पुतणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलगा सगळ्यांना पसंत पडला. मामा मात्र गप्प. शेवटी मुलाच्या वडिलांनीच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" मामा म्हणाले, "पोरगा लय चांगला हाय. पण कपाळाचं गंध मधोमध न्हाई." लग्न ठरलं, आणि मांडवात नवरदेवाला गंध मामांनी स्वतः लावलं, हातात पट्टी घेऊन. 'चालेल' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. कुणी चुकून म्हणालाच, तर ते शांतपणे विचारत, "कुठवर चालंल?"

नोकरी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये होती. रेल्वे निजामाची होती ती दिल्ली सरकारची झाली, बदल्यांचे वारे सुटले आणि मामांना दूर समुद्रकाठी जाण्याचा हुकूम आला. त्यांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "तिथली हवा खारी. लोखंडाला मानवत न्हाई." स्वतःला मानवेल का, हा विचार त्यांना शिवलाही नसावा.

रिकामा बसलेला असा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते आत्यालाच ठाऊक. धार लावायची, हाताने फिरवायची एक सहाण त्यांनी अंगणात मांडली आणि घरातली एकेक वस्तू तिच्यावर धरली. विळी झाली, अडकित्ता झाला, दाराच्या कड्या झाल्या. मग शेजारपाजारचे अडकित्ते झाले. हे सगळं आत्याने सोसलं. पण एकदा ती माहेरी गेलेली असताना मामांनी तिचा चटणी वाटायचा पाटा घेतला आणि आठ दिवस घासून त्याचा आरसा केला. टाकी लावून मुद्दाम खडबडीत ठेवलेला तो दगड. त्यावर आता ना मिरची थांबे, ना लसूण. वरवंटा नुसता घसरे. आत्याने पाट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्याच्यात आता तोंड बघू का चटणी वाटू?" मामा खरोखरच विचारात पडले. "तोंड दिसतंय, पण जरा लांबट दिसतंय," ते म्हणाले. "म्हंजे अजून कसर हाय." त्यानंतर आम्ही कित्येक दिवस कोरडी भाकरी खाल्ली, आणि मामांची सहाण घराबाहेर गेली ती कायमची.

मामांनी पुढे जो धंदा काढला, त्याचा हाच आरंभ. आज त्यांच्या घरचे लोक तो वेगळा सांगतात, पण मी तिथे होतो.

पूर्णेच्या पुढचं स्टेशन चुडावा. तिथे मामांच्या थोरल्या भावाच्या शेळ्या-मेंढ्या असत. त्याच्या गोठ्यातली अर्धी जागा मामांनी मागून घेतली. नोकरीचं होतं नव्हतं ते सारं घालून हैदराबादेहून भंगारात निघालेलं, लोखंड घासायचं एक ग्राइंडिंग मशीन आणलं. ते फिरवायला एक तेलाचं इंजिन घेतलं आणि दोघांमध्ये पट्टा चढवला. पहिला पट्टा एका बोकडाने खाल्ला. दुसऱ्या पट्ट्यावर काम सुरू झालं.

त्या वर्षांत मोटेच्या जागी विहिरींवर इंजिनं येऊ लागली होती. इंजिनाच्या पोटात फिरणारा जो जाड दांडा, क्रँक, तो झिजला की इंजिन खडखडतं आणि मग बसतं. तो पुन्हा घासून अचूक गोल करायचा, हे मामांचं काम. पहिलं गिऱ्हाईक जवळच्याच गावचे एक पाटील. क्रँक टाकून गेले, वायद्याला आले, तर मामा म्हणाले, "गोल न्हाई झालं अजून."

"मामा, मला तर गोलच दिसायलंय."

"दिसून काय करता? असावं लागतंय."

पाटील पुन्हा आले, पुन्हा तेच उत्तर. त्यांचा मिरचीचा मळा ऐन फुलात होता आणि पाण्यावाचून माना टाकू लागला होता. शेवटी पाटील हात जोडून म्हणाले, "आहे तसं द्या, चालंल मला." झालं. मामांनी क्रँक फडक्यात गुंडाळून ठेवला आणि बोलणंच बंद केलं.

पाटील तडक पूर्णेला आमच्या घरी आले. बिचारे ओसरीवर डोक्याला हात लावून बसले. पाटा प्रकरणापासून आत्याने चुडाव्याला पाऊल टाकलं नव्हतं. तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, "मास्तर, चल रे." आम्ही तिघे गाडीने चुडाव्याला गेलो. मामा मशीनपाशी नव्हतेच. मांडीवर क्रँक घेऊन, तेल लावलेल्या पट्टीने त्याला घासत बसले होते.

"किती राहिलंय?" आत्याने विचारलं.

"केसाच्या पापुद्र्याएवढं."

आत्याने त्यांच्या टकलाकडे पाहिलं. "आपल्याला केस किती उरले, अन् त्याच्यापायी ह्यांचं रान वाळवायलाव?"

 मामांचा हात थांबला नाही. मला वाटलं, आता हे भांडण काही मिटत नाही. मळा जातो आणि धंदाही. आत्या मात्र गोठाभर नजर फिरवत होती.

"आता जे करायलाव, ते हातानंच ना?"

"हातानंच. मशिनीचं काम संपलं."

"मग हे इंजिन काय करायलंय?"

मामांनी पहिल्यांदाच मान वर केली. "काही न्हाई. उभं हाय."

"पाटील," आत्या म्हणाली, "बैलगाडी आणा."

इंजिन गाडीवर चढलं तेव्हा मामांचा चेहरा पोरगी सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता. पण त्यांनी अडवलं नाही. मळ्याला पाणी मिळालं, मिरची सावरली. मामांनी पाहिजे तेवढे दिवस घेऊन क्रँक दिला, आणि पाटलांचं इंजिन इतकं बिनआवाज फिरू लागलं, की बंद पडलं समजून त्यांचा गडी दर घटकेला विहिरीकडे पळे. पाटलांनी ही गोष्ट बाजारोबाजारी सांगितली. पालमपासून देवगाव फाट्यापर्यंतचे क्रँक चुडाव्याला येऊ लागले. काम लांबलं की आपलं इंजिन गिऱ्हाइकाच्या विहिरीवर धाडायचं, हा नियम आत्याने घातला. गिऱ्हाइकाशी बोलायचंही तिनेच; मामांनी फक्त घासायचं. गोठ्यावर पाटी लागली ती माझ्या हातची. 'ग्राइंडिंग' या अक्षरांकडे मामा मान वाकडी करून बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, अनुस्वार गोल न्हाईत." मी ती पाटी तीनदा रंगवली.

आता तिथे मोठी शेड आहे, नातवंडं कारभार बघतात. मामा आणि आत्या दोघंही नाहीत. त्यांची आठवण निघते तेव्हा मला माझ्या थोरल्या मुलीचं बारसं आठवतं. मामा पाळण्यापाशी आले. वाकून पोरीच्या गालाकडे एकटक बघत राहिले. हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. आयुष्यभर लोखंड गुळगुळीत करून करून त्यांचे तळवे कानशीसारखे झाले होते. रेघांत तेल कायमचं मुरलेलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे एकदा पाहिलं, तो उलटा केला आणि बोटांच्या पाठीने, हलकेच, गालाला लावला.

"कसं हाय?" आत्याने विचारलं.

मामांनी हात मागे घेतला. मग हळूच म्हणाले, "हितं आपल्याला काही कामच न्हाई."