बोटभर जागा

पालकसभेला ती शेवटच्या बाकावर बसली होती. मी तिच्या मुलीच्या गणिताबद्दल बोलत होते आणि तिचं लक्ष होतं माझ्या टेबलाखालच्या, माइकच्या वायरींच्या गुंत्याकडे. सभा संपताच ती पुढे आली, खाली बसली आणि म्हणाली, "बाई, रागावू नका, पण हे मला बघवत नाही." पाच मिनिटांत तिने त्या वायरींची सुबक वेणी घातली.

ती संगणक केंद्रात कामाला होती. बाहेरून विकत न आणता आपला महासंगणक आपणच बांधायचा, असा तिथला खटाटोप चालला होता. कपाटांमध्ये शेकडो संगणक रचायचे आणि एकमेकांना जोडायचे. त्यासाठी लागणाऱ्या हजारो केबली ओवायचं, बांधायचं काम हिचं. तिथे तिला सगळे वेणीताईच म्हणत.

तो महासंगणक तपासणी समितीसमोर सलग तीन दिवस चालायला हवा होता. नाही चालला, तर बाहेरून तयार आणणार आणि ही सगळी मंडळी घरी. समिती येणार म्हणून वेणीताईने सगळ्या केबली पुन्हा ताणून, चापूनचोपून बांधल्या. केंद्राच्या साहेबांनी कौतुकाने फोटो काढला.

आणि समिती यायच्या आठवडाभर आधी यंत्र तापून बंद पडू लागलं. इंजिनिअर प्रोग्रॅम तपासून थकले. वेणीताईने मात्र तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात कपाटाच्या मागे लावला.

"साहेब, माझ्यामुळेच तापतंय हे."

"तुम्ही कशाला मनाला लावून घेता? गडबड प्रोग्रॅममध्ये आहे."

"प्रोग्रॅम राहू द्या. आधी इथे हात घाला."

साहेबांनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. गरम हवा बाहेर पडायच्या वाटेवरच केबलींची भिंत उभी होती.

"अहो, पण फोटोत किती छान दिसत होतं!"

"फोटोत मीसुद्धा छान येते, साहेब. श्वास रोखून धरलेला असतो ना."

स्वतःच्या हाताने घातलेल्या वेण्या तिने दोन दिवस बसून सोडल्या. केबली बाजूला सारल्या आणि बोटभर जागा ठेवून सैल बांधल्या. तिची मुलगी मला शाळेत सांगत होती, "बाई, आई हल्ली जेवताना भातालासुद्धा उलटा हात लावून बघते!"

समितीतल्या एका गृहस्थांनी त्या ढगळ केबली पाहून नाक मुरडलं. "मुद्दाम आहे ते," साहेब म्हणाले. यंत्र तीन दिवस चाललं आणि त्याच गृहस्थांनी सही केली.

मी निवृत्त झाले, पण ती अजून भेटते, बसथांब्यावर. केंद्रात आता तिसरा महासंगणक उभा राहतोय. ती सकाळी साडेआठच्या बसने कामाला जाते आणि नव्या मुलींनी बांधलेल्या प्रत्येक जुडीत बोट घालून बघते.