मागे घेतलेला शोधनिबंध

सिंदेवाहीच्या दवाखान्यातून तिथे काम करणाऱ्या सुमनबाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत बसलो होतो. "भाऊ, मॅडम गेल्या," त्या म्हणाल्या. दवाखान्यात सकाळचा पहिला पेशंट तपासून मॅडम हात धुवायला उठल्या, बाकावर टेकल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. डॉ. नलिनी बोरकुटे यांना जाऊन आता महिना होत आला. बातमीत 'नेत्रतज्ज्ञ व संशोधक' असं लिहून आलं होतं. त्यातला संशोधक मी जवळून पाहिला, म्हणून हे लिहितो आहे.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. कुठल्या डॉक्टरचे किती शोधनिबंध छापून आले आणि जगात किती जणांनी त्यांचे संदर्भ दिले, याच्या याद्या करून देणं हे माझं काम. बढतीचे अर्ज निघाले की माझ्या टेबलापुढे गर्दी व्हायची. मॅडम आमच्याकडे शिकवायच्या आणि आठवड्यातले तीन दिवस सिंदेवाहीच्या दवाखान्यात बसायच्या. त्यांची यादी लहान होती. दुसऱ्यांच्या निबंधावर आपलं नाव घालू द्यायच्या नाहीत, त्यामुळे ती वाढायचीही नाही. पण त्यातला एक निबंध फार गाजला. धान कापताना, मळणीत चुरताना कुसळ डोळ्यात जातं, जखम पिकते, बुबुळावर फूल पडतं आणि नजर जाते. त्याच दिवशी मलम घातलं तर बहुतेकांचा डोळा वाचतो, असं त्यांनी दाखवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतले डॉक्टर त्या निबंधाचा आधार घ्यायचे. नवा संदर्भ सापडला की मी कौतुकानं फोन करायचो. त्या विचारायच्या, "त्यांच्याकडे धान होतं का हो, भाऊ?"

मग एकदा नव्या अभ्यासासाठी त्या जुने कागद चाळत होत्या. सुमनबाई शेजारी होत्या. गावोगाव फिरून पेशंटची माहिती आणायचं काम त्यांचंच. एका नावावर मॅडमचं बोट होतं, पुढे 'बरा' असा शेरा. सुमनबाई म्हणाल्या, "मॅडम, हा बरा नाई झाला. याचा डोळा गेला."

"मग पुन्हा दाखवायला का नाही आला?"

"डोळाच गेला, त आता काऊन येईल?"

जे परत आले नाहीत ते बरे झाले, असं मॅडमनी धरलं होतं. चूक त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यावरच तो निबंध उभा होता.

पुढचे कित्येक महिने दोघी त्या यादीतलं एकेक घर शोधत हिंडल्या. सिंदेवाहीकडची गावं झाली, मग गडचिरोलीच्या जंगलातले टोले, चार-सहा घरांच्या वस्त्या. कुणी मजुरीला माजरीच्या कोळसा खाणींकडे गेलेलं, कुणी वारलेलं. मलमाचा उपयोग होता, पण छापला होता तितका नव्हता. मॅडम माझ्याकडे आल्या त्या मासिकाला लिहिलेलं पत्र घेऊनच. निबंध मागे घेत असल्याचं पत्र.

मी त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, हे लपवत नाही. पुढच्याच आठवड्यात प्राध्यापकपदाची मुलाखत होती आणि यादीतला हा एक निबंध गेला की उरणार काय? "निदान मुलाखत होऊ द्या," मी म्हणालो.

"भाऊ, कुणीतरी मलम देऊन पेशंटला घरी पाठवत असेल, आणि पुन्हा बोलावत नसेल. माझं वाचून." त्यांनी पाकीट माझ्यापुढे सरकवलं. "पत्ता बरोबर आहे का तेवढं बघा."

पद दुसऱ्याला मिळालं. त्याबद्दल त्या माझ्याशी एकदाही बोलल्या नाहीत. उलट त्या निबंधाचा ज्यांनी ज्यांनी संदर्भ दिला होता, त्या सगळ्यांचे पत्ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतले आणि प्रत्येकाला स्वतः लिहिलं. थोड्यांची उत्तरं आली. एकानं 'तुमच्या प्रामाणिकपणाला सलाम' असं लिहून पुढच्या लेखात तोच जुना आकडा पुन्हा दिला. मॅडमनी त्याला दुसरं पत्र पाठवलं. खऱ्या आकड्यांचा नवा निबंधही छापला: मलम द्या, पण तिसऱ्या दिवशी पेशंटच्या घरी जाऊन डोळा बघा. त्याला संदर्भ मिळाले ते बोटांवर मोजण्याइतके. पण सुमनबाई आणि त्यांच्या बरोबरीच्या बायका सुगीत तशा जाऊ लागल्या. ती सगळी घरं मी कुठल्या यादीत धरणार होतो?

मागे घेतलेला निबंध असा सहज मरत नाही. लोक न वाचताच एकमेकांच्या लेखातून उचलत राहतात. मी निवृत्त झालो, तरी दर सोमवारी संगणक उघडून कुणी नवा संदर्भ दिलाय का ते पाहायचो आणि मॅडमना कळवायचो. त्या गेल्यानंतरच्या दोन सोमवारी हात गेला नाही... कळवायचं कुणाला? तिसऱ्या सोमवारी उघडलं. एक सापडला, दूरच्या देशातल्या कुणा तरुण डॉक्टरचा. मॅडमच्या जुन्या पत्राची नक्कल माझ्याकडे होती. मी ती समोर ठेवली, 'हा निबंध मी मागे घेतला आहे' मधल्या 'मी'च्या जागी त्यांचं नाव लिहिलं, आणि खाली माझी सही करून पत्र पाठवून दिलं.