हाई नाटक मन्हं शे

परवा नंदुरबारला, भर दुपारी, हॉल गच्च भरलेला असताना, मी तिसरी घंटा अडवली. हो, मीच, नाटकाची लेखिका आणि दिग्दर्शिका... आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

माझा जन्म राजस्थानातला. लग्न करून नंदुरबारला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पुढे सासऱ्यांचं कापडाचं दुकान, मागे घर. सासऱ्यांसमोर घुंगट घ्यायचा आणि आवाज काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मग काय, दाराआड बसून साड्यांच्या घड्या घालायच्या आणि बाहेर गिऱ्हाईक बाया काय बोलतात ते ऐकायचं...

अहिराणी मी अशी शिकले. कुणाच्या जावेचं भांडण, कुणाच्या सुनेचं माहेरपण, सगळं त्या दाराआडून. पहिलं नाटक साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलं. आता अकरा झालीत. विसरवाडीला हायवेच्या हॉर्नमध्ये प्रयोग केलाय, धानोऱ्याला माइक बंद पडल्यावर नुसत्या घशावर केलाय.

आणि सासऱ्यांशी, म्हणजे बापूजींशी, बोलायचं कसं? बांगड्यांनी! बापूजी उंबऱ्यावर आधी खोकणार, म्हणजे मी पदर ओढायचा. मग भिंतीला विचारणार, जेवण तयार आहे का. एकदा बांगडी वाजली की हो, दोनदा वाजली की नाही. सासूबाई गेल्यापासून आमचं बोलणं असंच चाललंय... हसू नका. तालमी दुकानामागच्या गोडाऊनमध्ये व्हायच्या आणि बापूजी पुढे गादीवर बसलेले, म्हणून नटांनाही मी बांगड्यांनीच थांबवते. माझं दिग्दर्शन तसंच घडलं.

तर, परवाचा प्रयोग अहिराणी महोत्सवातला. त्याच्या आठ दिवस आधी आयोजक सरांचा फोन. "ताई, नाटक फक्कड आहे हो. पण अहिराणी महोत्सव आहे, लेखक इथल्या मातीतला दिसायला हवा. लेखिका म्हणून सिंधूताईंचं नाव टाकू. तुम्ही दिग्दर्शक राहा की..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सर, बत्तीस वर्षं इथली धूळ काउंटरवरून पुसतेय, अजून किती मातीतली होऊ? सरळ नाही म्हणून फोन ठेवला.

सिंधूताई म्हणजे आमची मुख्य नटी. जवळच्या गावची, घरची शेती, आठ वर्षं माझ्यासोबत काम करतेय. तिला सांगितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त भडकली. "बाई, तुन्हं लेकरू मन्हं शे आसं मी कसं सांगू? माले नही जमाव!"

आम्हाला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय... परवा दोन घंटा झाल्या, माइकवर घोषणा सुरू झाली, आणि लेखिका म्हणून सिंधूताईचंच नाव आलं. विंगेत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सिंधूताईचे तर डोळे भरले, रंग ओघळायची वेळ आली.

घंटेवरच्या काकांचा हात मी धरला. म्हटलं, काका, थांबा.

आणि पडद्याच्या फटीतून बघते तर पहिल्या रांगेत बापूजी! जुने व्यापारी म्हणून त्यांना मानाचं आमंत्रण. आजवर त्यांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. बायकांचा टाइमपास म्हणायचे.

खोटं कशाला सांगू... हात आपोआप पदराकडे गेला. पण तोंड झाकून हे माझं आहे म्हणायचं तरी कसं? लोक म्हणतील, कोण बोललं? पदर कमरेला खोचला आणि पडदा बाजूला करून बाहेर गेले.

माइक घेतला. "राम राम मंडळी. नाव चुकनं. हाई नाटक मन्हं शे..."

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खोकला आला. तो खोकला मी झोपेतही ओळखते. पदर घे, असंच सांगत होता तो. बत्तीस वर्षं ऐकलं त्याचं... परवा नाही ऐकलं.

"मी लिखेल शे. जनम राजस्थानना, पन बोलनं तुमनापाशीच शिकनू. ज्याले पटत नही, त्यानी पूरं देखीसन सांगा कोठे चुकनी मी."

मग मागून एक बाई ओरडली, "आवं बाई, मंग सुरू कर ना!" आणि जो हशा झाला... काकांनी घंटा दिली. सिंधूताईनं त्या दिवशी जे काम केलं, ते मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. शेवटी सरांनी नाव सुधारलं, घाईघाईत का होईना. बापूजी मात्र कुणाशी न बोलता घरी निघून गेले.

काल सकाळी मी ओट्याशी चहा करत होते. पाठीमागे पावलं वाजली... आणि खोकला नाही. वळले तर बापूजी उभे, नजर गॅसवर.

"बीनणी," ते म्हणाले. सुनेला आमच्यात बीनणी म्हणतात. "दूजो अंक घणो लांबो है."

बत्तीस वर्षांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते काय, तर दुसरा अंक लांबलाय! म्हणजे माणसानं दोन्ही अंक नीट बघितले होते. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

सवयीनं मनगट उचललं. दोनदा वाजवणार होते. मग हात खाली घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडानं उत्तर दिलं.

"लांबो कोनी, बापूजी." लांब नाही, म्हटलं.

ते पाटावर बसले आणि चहासाठी हात पुढे केला. थँक यू, बापूजी... पण एकही ओळ कापणार नाही.