हात काढ गं!

बाबा जाहिरातीचे फोटो काढायचे. टेबलावर साबण, कंगवे, बाटल्या मांडल्या की स्टुलावर चढून सरळ वरून. मांडणी आईची. नेमकं बटण दाबताना तिला एखादा कंगवा तिरका करावासा वाटायचा आणि तिचा हात फोटोत यायचा. "हात काढ गं!" बाबा खेकसायचे आणि तो फोटो तिथल्या तिथे पुसून टाकायचे. भारी तिरसट माणूस!

आई गेली. मग साबणवाल्या मालकांनी कळवलं, यापुढे फोटो एआयकडूनच करून घेऊ. ही तीन एआय ॲप ताडून बघा आणि चांगलं कोणतं ते सांगा.

काल मी विचारलं, "मग, कोणतं चांगलं?"

"मांडणी तिन्हींचीही झकास आहे. पण हात एकालाही जमत नाही."

मी वैतागले. "साबणाच्या फोटोत हात कशाला हवाय तुम्हाला?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तिन्ही फोटोंत साबण, कंगवा आणि कोपऱ्यातून आत आलेला बाईचा हात. नितळ, लांबसडक बोटांचे, कुणाकुणाचे हात.

बाबा पुन्हा टाईप करू लागले, "आखूड बोटं. करंगळी जराशी वाकडी. कंगवा तिरका करतेय. हात राहू दे."