भिवाजींची गच्ची आणि माझा गूळ

आमचे हे, म्हणजे भिवाजी, टेलिफोन खात्यातून रिटायर झाले ते चौऱ्याण्णव साली. मलकपेठेत तेव्हा जिकडेतिकडे अपार्टमेंटं उगवत होती आणि माझं मागणं एकच होतं, लिफ्टवाला फ्लॅट. यांनी काय घेतलं? कुठल्याशा नवाबाची शंभर वर्षांची गळकी देवडी, म्हणजे जुना वाडाच. नवाबाला नकोशी झालेली आपल्याला कशाला, असं मी विचारलं. हे म्हणाले, मागच्या खोल्यांत आपण राहू, पुढच्या दिवाणखान्यात गल्लीतल्या पोरांची अभ्यासिका. म्हटलं, हौ, आणि मी वर छत्री धरून उभी राहते.

आठ दिवस भांडलो. शेवटी पैज ठरली. गच्ची दुरुस्त झाली की तीन दिवस तिच्यावर पाणी तुंबवायचं. खाली एक थेंब जरी पडला, तरी देवडी बिल्डरला आणि मला फ्लॅट. बिल्डर मेला इतका उतावीळ, की करारनामा आधीच देऊन गेला.

सिमेंटला हे शिवू देईनात. गौस मिस्त्री जुन्या वळणाचा. चुन्यात गुळाचं पाणी कालवायचं, गच्चीवर पसरायचं आणि लाकडी थाप्यांनी दिवस दिवस बडवायचं. सगळी गल्ली थाप्या घेऊन वर चढली. हे मधोमध बसून भीमगीतं म्हणायचे, गळा फाटका, पण ठेका पक्का. गुळाचं पाणी करायचं काम शेजारच्या मालनबाईकडे. एका दुपारी ती जेवायला गेली, तेव्हा कालवायला मी बसले. अर्धा गूळ पाण्यात गेला, अर्धा पदराखाली. इतका चांगला गूळ दगडाला कशाला पाजायचा?

पाणी तुंबवलं. दोन दिवस छत कोरडं ठणठणीत. तिसऱ्या दुपारी गल्ली वर बघत उभी, आणि मागच्या खोलीच्या कोपऱ्यात टपकन थेंब पडला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

गौस मिस्त्री वर जाऊन कोपरा उकरून आला. म्हणाला, "गुड़ कम पड़ा इधर."

सगळ्यांनी मालनबाईकडे पाहिलं. चुन्याने हाताची सालटी निघाली होती बिचारीच्या. तिने मान खाली घातली. हे आत गेले, करारनामा घेऊन आले आणि खिशातलं पेन काढलं. शिव्या दिल्या असत्या ना, तर मी खुशाल फ्लॅटात गेले असते. पण त्यांचं ते तोंड काही बघवेना.

"गूळ मी नेला, चहाला," मी म्हटलं. "तो थेंब माझा आहे. पैजेत धरू नका."

गल्ली पोट धरधरून हसली. हे हसले नाहीत. पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "मला का नाही दिला तो चहा?"

दुसऱ्या दिवशी तो कोपरा मी एकटीने बडवला. हे शेजारी बसून ठेका देत होते, आणि मालनबाई गुळाच्या ढेपेपाशी राखणीला बसली होती.