हेल्मेटमधली मोहरी

दिल्लीच्या डॉक्टरांनी माझ्या नातवाच्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्यातून मोहरी सांडली. थोडी टेबलावर, थोडी त्यांच्या कोटाच्या बाहीत, बाकीची फरशीवर. पाठोपाठ मलमलीची एक बोटभर पिशवी पडली. तिचा एक कोपरा उसवला होता. डॉक्टरांनी एक दाणा चिमटीत उचलला. मग म्हणाले, "ये क्या है?"

"राई," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. मोहरी कुणालाही ओळखू येते.

सूनबाईनं डोळे मिटून घेतले. माझा मुलगा प्रसाद नुसतं "आई!" म्हणाला. सात महिन्यांचा शौनक तेवढा हसत होता, कारण त्याला मोहरी सांडल्याचा आवाज आवडला.

डॉक्टरांनी शौनकचं डोकं मोजलं, पुन्हा मोजलं. महिनाभर हेल्मेट घालून डोक्यात काही फरक नव्हता. जिथे चपटं होतं तिथे तसंच चपटं, वर एक लाल वण. ते म्हणाले, वर्षाच्या आत हाड मऊ असतं, तोवर जे वळायचं ते वळतं, नंतर नाही. आणि आपण त्यातला एक महिना घालवला. हे "आपण" त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

मोहरी भरणारी बाई दुसरी होती. मलमल माझी होती.

त्या बाईला आमच्या झाशीतल्या लक्ष्मी तालकडच्या वस्तीत सगळे गोल अम्मा म्हणायचे. खरं नाव तिच्या रेशनकार्डावर असेल, आम्हाला माहीत नव्हतं. ती बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची, टाळू भरायची आणि डोक्याला आकार द्यायची. पायांवर बाळ पालथं घेऊन दोन्ही तळव्यांनी मागची बाजू अशी फिरवायची की बघणाऱ्याला वाटावं, आता हे डोकं निघून तिच्या हातात येणार. माझा प्रसाद तिच्याच हातचा. त्याचं डोकं गोल आहे. आत काय आहे ते वेगळं.

तिला एक सवय होती, ती फार वाईट होती. समोर कुणाचंही डोकं आलं की ती मागून हात फिरवायची. महालक्ष्मीच्या देवळात रांगेत उभी राहिली की पुढच्या माणसाची खैर नसे. एकदा छावणीतला कुणी मोठा अधिकारी सपत्नीक दर्शनाला आला होता. अम्मानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, दाबून पाहिलं आणि मला मोठ्यानं म्हणाली, "बाई, जाए काऊ ने सूदो पारो." म्हणजे ह्याला लहानपणी कुणीतरी उताणाच निजवला. तो अधिकारी वळला. अम्मानं त्याला आशीर्वाद दिला. त्यानं वाकून नमस्कार केला, तर तिनं ती संधी साधून पुन्हा एकदा हात फिरवला.

डोकं चांगलं निघालं की ती म्हणायची, "जो हमाए हाथ को आय." हा माझ्या हातचा. दुकानदार, वकील, पोस्टमन, कुणालाही. पोस्टमन एरच गावचा होता, झाशीत नोकरीला आला होता, तिनं त्याला लहानपणी पाहिलाही नव्हता. पण तो नाही म्हणायचा नाही.

आता हे ऐका. अख्ख्या वस्तीत सगळ्यात चपटं डोकं तिच्या स्वतःच्या मुलाचं होतं. मागून पाहिलं तर पाट उभा केल्यासारखं. तो ई-रिक्षा चालवतो. मी एकदा सरळ विचारलं, "अम्मा, हा असा कसा?" ती म्हणाली, "दूसरन के मोड़ा-मोड़ी गोल करत रए, जाकी बारी नईं आई." दुसऱ्यांची मुलं गोल करता करता ह्याची पाळी आलीच नाही. रडली वगैरे नाही. तेल हाताला चोळत होती, चोळत राहिली. पण त्याच्या रिक्षात ती कधी बसायची नाही. चपट्या डोक्याच्या माणसाला समोरचं दिसतं, वळणावरचं दिसत नाही, असं तिचं मत होतं. म्हणून सगळीकडे पायी.

शौनक झाला तेव्हा मी तिलाच बोलावलं. सूनबाईचे वडील इथल्या कारखान्यात इंजिनिअर होते, ती कॉलनीत वाढलेली, शिकलेली. तिनं पहिल्या दिवशी सांगितलं, "अम्माजी, मालिश करो, पर सिर मत दबाना. और ये राई का तकिया बिल्कुल नहीं." डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, बाळ झोपताना उताणंच हवं, जवळ उशी नको, नाहीतर श्वास कोंडतो. ते बरोबरच होतं. पण जागेपणी बाळाला पालथं टाका, कूस बदला, हेही त्यांनी सांगितलं होतं. ते आम्ही ऐकलं आणि विसरलो. शौनक शहाणा, जिथे ठेवू तिथे पडून राहायचा.

तीन महिन्यांत त्याचं डोकं मागून उजवीकडे बसलं आणि उजवा कान डाव्याच्या पुढे आला. मग घरात जे व्हायचं ते झालं. सूनबाईची आई म्हणाली सासूनं बघितलं नाही, मी म्हटलं आईनं उताणं ठेवलं, प्रसाद म्हणाला पुढे ह्याला चष्मा लागला तर तो बसणार कसा. अम्मा एवढंच म्हणाली, "काए दुलैया, जो मोड़ा एकई कोद देखत है." सूनबाई, हा मुलगा एकाच बाजूला बघतो, म्हणजे मान आखडली आहे. सूनबाई तिच्याशी बोलत नव्हती. मी तेव्हा भांडण्यात होते. कुणी लक्ष दिलं नाही.

सहाव्या महिन्यात दिल्लीहून हेल्मेट आलं. निळं. अंघोळीचा एक तास सोडून दिवसरात्र घालायचं. तो तास अम्माचा होता, आणि प्रसाद-सूनबाई तेव्हा ऑफिसात. अम्मानं हेल्मेट हातात घेतलं, मडकं घेताना वाजवतात तसं वाजवलं, आत बोट घालून सगळीकडे फिरवलं आणि खूश झाली. खूश का, तर दिल्लीवाले चुकले होते. उजवीकडे मागे आत चांगली दोन बोटं जागा मोकळी राहत होती. "बाई, नाप गलत लै लओ. इत्ती जगा खाली छूट गई."

मीही बोट घालून पाहिलं. जागा होती. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही माप कळतं. ढिल्या चपलेत आपण कापूस घालतोच. मी जुन्या झबल्याची मलमल काढून दिली, तिनं मोहरी भरून पिशवी शिवली आणि ती मोकळी जागा नीट बंद केली. वर हेल्मेटला काजळाची तीट लावली. रोज अंघोळ झाली की ती पिशवी पुन्हा आत. रविवारी ती दोघं घरी असायची, तेव्हा मी गुपचूप घालायचे. आम्हाला दोघींना वाटत होतं, आपण दिल्लीची इज्जत राखतोय.

डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर चित्र काढून समजावलं. ती जागा मुद्दाम सोडलेली असते. बाकी सगळीकडे हेल्मेट टेकतं, तिथे टेकत नाही, म्हणून डोकं वाढताना तिकडे वाढतं. मी ते चित्र घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवलं. झाशीपर्यंत गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही. चांगलंच झालं.

दुसऱ्या दिवशी अम्मा आली तेव्हा सूनबाई रजा घेऊन दारात उभी होती. तिनं तोंडाला येईल ते सुनावलं. अम्मानं ऐकून घेतलं. मग मी चित्र दाखवलं. अम्मा बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिली.

"मतलब मूंड जा खाली जगा में आतो?"

"हो. डोकं इथे येणार होतं."

"हमने तो गैल रोक दई," ती म्हणाली. आम्ही वाटच अडवली. तिथेच उंबऱ्यावर बसली, आणि दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घालून त्यावर बसून राहिली. "दुलैया, जे हाथ अब मूंड पे नईं जैहें." हे हात आता डोक्याला लागणार नाहीत.

तिला आत घ्यावं लागलं, कारण दिल्लीहून आमच्याबरोबर आणखी एक कागद आला होता. डाव्या बाजूला मान वळवण्याचे व्यायाम, दिवसातून पाच वेळा. माझी बोटं संधिवातानं वाकलेली, सूनबाई नोकरीवर. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी फोनवर करून दाखवलं. अम्मानं ते एकदा पाहिलं आणि डोक्याला हात न लावता, खांदा-हनुवटी धरून केलं, आणि त्या बाई म्हणाल्या, "अरे, इनको तो आता है." अम्मानं सूनबाईकडे पाहिलं. सूनबाई चहा ठेवायला गेली. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

मग उन्हाळा लागला. झाशीचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. हेल्मेटच्या आत घामोळं येऊ नये म्हणून कूलरपुढे बसायचं, वीज गेली की हातपंख्यानं वारा घालायचा. अम्मा सकाळी यायची, दुपारी बाराला यायची, संध्याकाळी यायची. शौनकला पालथं टाकून त्याच्या डाव्या हाताला खुळखुळा वाजवायची आणि तो वळेपर्यंत त्याला शिव्या द्यायची. "देख ले, नासमिटे, इतै देख ले!" वळला की स्वतः टाळ्या पिटायची. हेल्मेट धुवायला मीच काढायचे. तेवढा वेळ ती हात मांड्यांखाली घालून बसायची आणि डोक्याकडे बघत राहायची. एकदा मी म्हटलं, "लाव एकदा हात, कोण बघतंय." तिनं नाही म्हणून मान हलवली.

मी तिला म्हटलं होतं, दुपारची येऊ नकोस. सूनबाईनंही म्हटलं, बेट्याच्या रिक्षातून या, पैसे मी देते. ती म्हणाली, "ऊ की रिक्शा में? मोड़ पे कौन देखहै?" वळणावर कोण बघणार? डोक्यावर ओला पंचा टाकून पायीच यायची.

जूनच्या सुरुवातीला एक दिवस ती दुपारी व्यायाम करून गेली आणि संध्याकाळी आली नाही. लू लागली होती, उष्माघात. मुलानं तिला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तेव्हा तिला शुद्ध नव्हती, म्हणून बसली. तिसऱ्या दिवशी गेली.

उरलेले व्यायाम सूनबाईनं केले. सकाळी एक, ऑफिसातून येऊन दोन, बाकीचे मी वाकड्या बोटांनी. शौनक डावीकडे बघायला लागला होता, त्यामुळे फार त्रास झाला नाही. श्रावणात दिल्लीच्या डॉक्टरांनी हेल्मेट काढलं, मोजलं आणि म्हणाले, झालं. डोकं गोल आहे. उजवा कान किंचित पुढे आहे, पण सांगितल्याशिवाय कळत नाही.

त्या उन्हाळ्यातून शौनक निघाला, प्रसाद, सूनबाई आणि मी निघालो. अम्मा निघाली नाही.