मुकुंदभावोजींचं अडलेलं वाक्य

फणसाच्या आठळ्या भाजत होते, तेव्हा सुषमाचा फोन आला. सुषमा म्हणजे मुकुंदभावोजींची भाची. "काकी, मामा गेले हो सकाळी…" एवढंच बोलली ती. मी आठळ्या परतत राहिले. त्या करपल्या तरी परतत होते…

मुकुंद मयेकर आमच्या ह्यांचे शाळासोबती, म्हणून माझे भावोजी. मूळचे गुहागरचे, घर खारव्यांचं, मासेमारीचं. तरुणपणी यंत्रं शिकायला झेक लोकांच्या देशात गेले आणि यंत्रांऐवजी त्यांची भाषा घेऊन परतले. "समुद्र नसलेल्या देशात जाऊन खारव्याच्या पोराने आणलं काय, तर शब्द," असं हे त्यांना चिडवायचे. नोकरी मुंबईत केली, पण जीव त्या भाषेत. झेक-मराठी शब्दकोश एकट्याने केला आणि डोळ्यांची वाट लावून घेतली. कथांची दोन पुस्तकं मराठीत आणली. निवृत्तीनंतर रत्नागिरीत आमच्या शेजारी राहायला आले आणि दुपारी आमच्या पडवीत बसून मोठ्याने झेक वाचायला लागले. मला कळायचं शून्य. सुपारी कातरता कातरता डोळा लागायचा, आणि त्या पेंगेत कुठलं तरी धुक्यातलं रान दिसायचं, टोपल्या घेऊन हळूहळू चालणारी माणसं दिसायची… जाग यायची तेव्हाही भावोजी वाचतच असायचे.

तिसरं पुस्तक मात्र एका वाक्यापाशी अडलं. गोष्टीतला म्हातारा बाप मरण्याआधी मुलीला रानात नेतो आणि घराण्याची अळंबीची जागा दाखवतो. तिकडेही म्हणे अशी जागा कुणी कुणाला सांगत नाही. तिथे पोचल्यावर बाप डोक्यावरची टोपी काढतो, बस्. "आपल्याकडे टोपी काढली तर वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्याला उकडतंय," भावोजी म्हणायचे. आपलं माणूस अशा वेळी काय करतं, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आणि अळंबीची जागा ठाऊक होती मला.

"वहिनी, एकदा दाखवा हो."

"सासूबाईंनी बजावलंय, सुनेलाच सांगायची. लेकीलासुद्धा नाही. मग तुम्ही कोण?"

मी हसण्यावारी नेलं. एक नाही, चांगले सहा पावसाळे. दर श्रावणात अळंबीची भाजी वाटीभर नेऊन द्यायची, आणि त्यांनी जागा विचारली की विषय बदलायचा… माझी सून परदेशात, ती काय अळंबी शोधत सड्याच्या माळरानावर फिरायला येणार आहे? तरी मी अडून बसले. आता स्वतःचाच राग येतो.

गेल्या श्रावणात दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा कुठे माझं मन द्रवलं. रिक्षाने सड्यापर्यंत गेलो, पुढे काठी टेकत, थांबत थांबत. धुकं इतकं उतरलं होतं की किंजळीची झाडं अगदी जवळ गेल्यावरच दिसत. आवाज कसलाच नाही, नुसतं पानांवरून पाणी ठिबकत होतं. अळंबी उगवते त्या वारुळापाशी पोचलो… आणि एकही अळंबी नाही. ओली माती आणि पाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कुणी तरी आधीच नेली असेल, नाहीतर उगवलीच नसेल," मी पुटपुटले. भावोजी खाली मातीकडे बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, माझं काम झालं."

मला वाटलं, माझी समजूत घालतायत. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. त्यांचं वाक्य माझ्या हेक्यापायी राहिलं, ही बोच घेऊनच मी त्यांच्या दहाव्याला बसले होते.

परवा सुषमा हस्तलिखित घेऊन आली. म्हणाली, "शेवटची गोष्ट काकीला आधी वाचायला दे, असं मामा सांगून गेलेत." मी चष्मा लावला. धुकं, रान, बाप आणि लेक… मग ते वाक्य. 'तो जागेपाशी आला आणि त्याने पायांतले जोडे काढून बाजूला ठेवले.'

सासूबाई तिथे चपला काढायच्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या दिवशी, तेवढ्या चिखलात, मीही काढल्या होत्या… ते मला आत्ता कळतंय, भावोजींच्या अक्षरात.